थेंबभर जेलमधलं आतडं

आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, ते त्यातल्या खळग्यांच्या तळाशी असलेल्या मूळपेशींमुळे. २००९ मध्ये नेदरलँड्समधील ह्युब्रेख्ट संस्थेत तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या अशा एकेका पेशीपासून जेलमध्ये चिमुकली आतडी वाढवली. हेच ऑर्गनॉइड.

सिस्टिक फायब्रोसिस या जनुकदोषामुळे होणाऱ्या आजारात त्यांचा मोठा उपयोग झाला. रुग्णाच्या गुदाशयातल्या इवल्या तुकड्यापासून ऑर्गनॉइड वाढवतात आणि त्यावर फोर्स्कोलिन घालतात. कोलियस या वनस्पतीच्या मुळांतलं हे द्रव्य मुंबईच्या एका प्रयोगशाळेत वेगळं केलं गेलं होतं. फोर्स्कोलिनमुळे निरोगी ऑर्गनॉइड पाणी आत ओढून टम्म फुगतं. आजारी जवळपास तसंच राहतं. आजारावरचं औषध दिल्यावर तेही फुगलं, तर त्या रुग्णाला गुण येण्याची आशा असते.

ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्या, नसा, जिवाणू नसतात. तरीही दुर्मीळ जनुकदोष असलेल्यांसाठी ही चाचणी मोलाची आहे.