कडक चामडे उलटवू नये

चकचकीत, ताठ चामड्याची बॅग वर्षभरात कोपऱ्यांवर तडकली की घेणारा एकच निदान करतो: चामडे नकली होते. पुष्कळदा ते नकली नसते. चूक झालेली असते बेतण्यात आणि शिवण्यात. मऊ चामड्याच्या बॅगेचा कागदी नमुना घेऊन तोच कडक, लेप दिलेल्या चामड्यावर ठेवला, उलट्या बाजूने शिलाई मारली आणि बॅग पलटून सुलटी केली, तर त्या पलटण्यातच तिचे आयुष्य निम्मे सरते. लेप दिलेले चामडे कापडासारखे वागत नाही, ते पुठ्ठ्यासारखे वागते. त्याची बॅग सपाट तुकडे जोडून उभी करावी लागते.

हा लेप मुळात का देतात? बुलढाणा जिल्ह्यासारख्या भागात गुरे काटेरी झुडपांतून चरतात. त्यांच्या अंगावर बाभळीच्या काट्यांचे ओरखडे असतात, गोचिडांचे व्रण असतात, डागण्यांच्या खुणा असतात, आणि बैल असेल तर मानेवर जुवाचे घट्टे असतात. कातडे कमावले तरी यातले काही जात नाही. राज्यात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे म्हशीच्या कातड्याचे महत्त्व वाढले, आणि ते जाड असते, त्याचा दाणाही खडबडीत असतो. मग वरचा थर घासून सपाट करतात, त्यावर पॉलियुरेथेनसारख्या प्लॅस्टिकचा पातळ लेप चढवतात आणि गरम दाबाने नवा दाणा उठवतात. एरवी टाकाऊ ठरला असता तो तुकडा असा कामी येतो. मला यात फसवणूक दिसत नाही. फसवणूक होते ती विकताना लेपाबद्दल मौन पाळले की. युरोपीय मानकात याची रेषा आखलेली आहे. लेप ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल, पण एकूण जाडीच्या एक तृतीयांशाहून जास्त नसेल, तर मालाला ‘लेपित चामडे’ म्हणायचे. त्याहून जाड लेप असेल तर चामडे म्हणायचेच नाही. आपल्याकडच्या ग्राहकाने निदान कापलेली कड पाहावी. आत गुंतलेले तंतू दिसले तर चामडे, विणलेले कापड दिसले तर रेक्झिन.

आता घडीचा हिशेब पाहू. २ मिलिमीटर जाडीचे चामडे २ मिलिमीटर त्रिज्येच्या गोलाईवर वळवले, तर बाहेरचा पृष्ठभाग मधल्या थरापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त ताणला जातो. आतले तंतू एकमेकांवर सरकून हा ताण थोडाफार सोसतात, वरचा लेप मात्र किती सोसेल याला मर्यादा आहे. रापीने आतून छिलून घडीची जागा १ मिलिमीटरवर आणली, तर त्याच गोलाईवर ताण एक पंचमांश होतो. म्हणून घडी जिथे टाळता येत नाही तिथे आधी छिलणे किंवा आतून उथळ खाच पाडणे, आणि मगच वळवणे. सुईचेही असेच. कापडातले भोक धागे सरकून मिटते, चामड्यातले कायमचे राहते. २ मिलिमीटरचा टाका घातला तर १० सेंटिमीटरच्या शिवणीत ५० भोके पडतात, ४ मिलिमीटरचा घातला तर २५. बारीक टाका मजबूत हा शिंप्याचा अनुभव इथे उलटतो. दाट भोकांच्या रेषेवर चामडे पोस्टाच्या तिकिटासारखे फाटते. चिकटवण्याचा नियमही वेगळा आहे. सोल्युशन लेपावर धरत नाही, म्हणून जोडाची पट्टी आधी खरवडून तंतू उघडे करावे लागतात. टाचण्या लावायच्या नाहीत, चिमटे लावायचे. मशीनचा साधा दाब लेपावर अडखळतो, म्हणून चाकाचा किंवा टेफ्लॉनचा दाब हवा.

यावर कारागीर विचारेल, थोडे गरम करून मऊ केले की पलटता येतेच ना? येते. सौम्य उष्णतेने लेप तात्पुरता नरमतो. पण थंड झाल्यावर घडी पुन्हा ताठ होते आणि रोजच्या उघडमिटीत तोच कोपरा वाकत राहतो. उष्णता जास्त झाली तर लेपाला फोड येतात. दुसरा आक्षेप दिसण्याचा आहे: शिवण बाहेर आणि कड उघडी ठेवली तर माल अर्धवट वाटतो. हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण बॅग आधी डोळ्यांनीच विकत घेतली जाते. पण उघडी कड म्हणजे ओबडधोबड कड नव्हे. धारदार रापीने एका झटक्यात कापलेली, पॉलिशपेपरने घासलेली, रंगाचे दोन-तीन हात दिलेली कड हीच अशा बॅगेची शोभा असते. तिसरे म्हणणे जुन्या पिढीचे, की चामड्याला तेल पाजले म्हणजे ते तडकत नाही. विहिरीवरच्या मोटेचे चामडे तेलाने मऊ राहत असे, कारण त्यावर लेप नव्हता. इथे तेल वरच राहते आणि धूळ धरते. ओल्या फडक्याने पुसणे आणि दमट, कोंदट जागी न ठेवणे, एवढेच उपयोगाचे. दमटपणाने काही पॉलियुरेथेन लेप हळूहळू सुटतात.

बाहेरच्या शिवणीची आणखी एक बाजू मला सर्वांत मोलाची वाटते, ती दुरुस्तीची. उलटून शिवलेल्या बॅगेचा टाका उसवला तर अस्तर फाडून आत शिरावे लागते. खामगाव किंवा मेहकरच्या रस्त्याकडेला आरी आणि मेणवलेला दोरा घेऊन बसलेल्या कारागिराकडे तेवढा वेळ नसतो, आणि गिऱ्हाइकाची तेवढे पैसे मोजण्याची तयारी नसते. शिवण बाहेर असेल तर तो जुन्याच भोकांतून दोरा ओढतो, नवे भोक पाडत नाही. पट्ट्याचे रिव्हेट निघाले तर दुसरे ठोकतो, आणि बॅग त्याच दिवशी परत खांद्यावर जाते.