यंत्राची स्मरणशक्ति



छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेंत शिकून एखादा तरुण बीडला परततो आणि कर्ज काढून सीएनसी मशीनिंग सेंटर घेण्याचें योजतो. हें यंत्र संगणकाच्या आज्ञेनें धातूंत छिद्रें पाडतें, खांचा कापतें व पृष्ठभाग तासतें. आज्ञांच्या यादीस प्रोग्रॅम म्हणतात. यंत्राचें टेबल केवढें, मोटर किती शक्तीची, हें घरचीं वडील मंडळीही विचारतात. परंतु प्रोग्रॅम सांठविणारी मेमरी किती, हा प्रश्न बहुधा मागें राहतो.

१९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनें आंकड्यांच्या आज्ञेवर चालणारें मिलिंग यंत्र दाखविलें, तेव्हां त्या आज्ञा छिद्रें पाडलेल्या फितीवर होत्या. फीत गेली, माप मात्र राहिलें. कित्येक कंट्रोलरांची मेमरी आजही फितीच्या मीटरांत सांगतात. इंचास दहा अक्षरें धरल्यास मीटरास सुमारें ४०० अक्षरें होतात. म्हणजे ८० मीटरांत सुमारें ३२,००० अक्षरें मावतात.

हें पुरेसें आहे काय? पंपाच्या फ्लँजला आठ छिद्रें पाडण्यास पन्नास ओळी पुष्कळ झाल्या. ओळीस २४ अक्षरें धरलीं तर असे पंचवीस प्रोग्रॅम त्यांत सुखानें राहतील. उलट, प्लॅस्टिकच्या वस्तूचा वक्र सांचा बारीक सरळ तुकड्यांनीं कापावा लागतो. त्याच्या एक लाख ओळींची फीत सहा किलोमीटर भरेल!

असा प्रोग्रॅम संगणकावरून तारेनें थोडा थोडा पाठवितां येतो. पण सेकंदास ९६० अक्षरें जाणाऱ्या तारेनें चाळीसच ओळी पोहोंचतात. तुकडा ०.१ मिलिमीटरचा असेल तर हत्यार मिनिटास २४० मिलिमीटरच सरकणार. अधिक वेग दिल्यास तें अडखळतें व सांच्यावर डाग उठतात. म्हणून सांच्याचें काम करणाऱ्यानें मोठी मेमरी, अथवा कार्डावरून वा नेटवर्कवरून थेट प्रोग्रॅम चालविण्याची सोय मागावी. केवळ फ्लँज करणाऱ्यानें त्यासाठीं कर्ज वाढवूं नये. मात्र एकूण किती प्रोग्रॅम नोंदतां येतात, ही मर्यादा निराळी असते, तीही विचारावी.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ कंट्रोलरांत, वीज बंद असतां ही स्मृति एका लहान बॅटरीवर जिवंत राहते. बॅटरी संपली कीं महिन्यांची मेहनत पुसली जाते. म्हणून इशारा दिसतांच, यंत्राची वीज चालू ठेवूनच ती बदलावी. आणि प्रत्येक प्रोग्रॅमची एक प्रत कारखान्याबाहेर, घरच्या कपाटांत ठेवावी.

यंत्राची किंमत पावतीवर लिहिलेली असते, प्रोग्रॅमची नसते. ती ज्यानें तो रचला, त्यालाच ठाऊक.