तारांचा कारभार

शिकागो शहरातील गॉटलिब, विल्यम्स, बॅली प्रभृती कारखान्यांतून विसाव्या शतकाच्या मध्यास जी पिनबॉल यंत्रे बाहेर पडली, त्यांच्या काचेवरील भडक चित्रांत आणि पोलादी गोळीच्या धावपळीत दंग झालेल्या खेळाडूला, हातांखालच्या त्या लाकडी पेटीत केवढा कारभार चाललेला असतो याची गंधवार्ताही नसते. सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ साली बॅगाटेल या जुन्या खेळाला स्प्रिंगचा दट्ट्या जोडून पेटंट मिळवले. १९३३ साली हॅरी विल्यम्स यांच्या 'कॉन्टॅक्ट'ने त्यात बॅटरीवरची वीज आणली. आणि १९४७ साली गॉटलिबच्या 'हम्टी डम्टी'वर सहा फ्लिपर, म्हणजे गोळी परतवणाऱ्या दांड्या, बसले, तेव्हा कुठे नशिबाच्या या खेळात हाताच्या कसबाला वाव मिळाला. न्यूयॉर्कच्या नगरशासनाला मात्र हे पटण्यास १९७६ साल उजाडावे लागले. तोवर, १९४२ पासून, जुगाराचे साधन म्हणून हे यंत्र तेथे निषिद्धच होते.

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक पाट्यांचा अंमल सुरू होण्यापूर्वी या यंत्राची स्मृती सर्वस्वी धातूच्या स्थितीत साठवलेली असे. कितवी गोळी चालू आहे, हे एकेक दाता पुढे सरकणाऱ्या चकतीवरून ठरे. गुण किती झाले, हे फिरत्या आकडेचक्रांवर राही. आणि एखादे लक्ष्य साधले की नाही, ते अमुक रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच, ओढलेला आहे की सुटलेला, यावरून कळे. म्हणूनच, कापडी वेष्टणाच्या रंगीत तारांचे जे जंजाळ पाहून नवशिक्याची छाती दडपते, ते वस्तुतः फार प्रामाणिक आहे. त्यातील बहुतेक घडामोड डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते.

तथापि बहुतेक नवशिके पेटी उघडताच कानस घेऊन दिसेल त्या स्विचची टोके घासत सुटतात, आणि हा उद्योग मला सर्वथा वर्ज्य वाटतो. जो स्विच बिनतक्रार काम करीत होता त्याच्या पात्यांमधील अंतर बिघडते आणि एका दोषाच्या जागी पाच उभे राहतात. मळलेल्या टोकांमधून जाड कागदाची पट्टी ओढली तरी पुष्कळदा काम भागते. त्याआधी पिन भिंतीतून काढून ठेवावी, कारण यंत्राचे बटण बंद असले तरी पेटीत शिरणारी मुख्य वीज बटणापर्यंत जिवंतच असते. मग सुटलेले डाख, काळवंडलेल्या कॉईली आणि फ्यूज पाहून घ्यावेत. ट्रान्सफॉर्मर दिव्यांसाठी सुमारे ६ व्होल्ट आणि कॉईलींसाठी, कारखान्यागणिक, २४ ते ५० व्होल्टपर्यंत दाब वेगळा काढतो. तेव्हा दिवे लागले पण एकही कॉईल हलली नाही, तर कॉईलींच्या शाखेचा फ्यूज प्रथम पाहणे ओघानेच आले. उडालेल्या फ्यूजच्या जागी अधिक अँपिअरचा बसवणे म्हणजे मात्र तारांना आग लावण्याची तजवीज होय.

नवशिक्यांची सर्वांत प्रसिद्ध तक्रार अशी: सुरुवातीचे बटण दाबले की मोटर घरघरू लागते आणि थांबतच नाही. येथे काय घडायला हवे होते, ते आधी जाणून घ्यावे. मोटरच्या कण्यावरील दंतुर चकत्या ठरावीक क्रमाने स्विच मिटवतात, त्यांचे झटके प्रत्येक आकडेचक्राच्या कॉईलीला पोचतात, चक्र एकेक आकडा पुढे सरकते आणि शून्यावर येताच त्याचा स्वतःचा शून्यदर्शी स्विच उघडून पुढचा झटका तोडतो. असे सारे स्विच उघडले, म्हणजे मोटर चालू ठेवणारा रिले सुटतो आणि मोटर विसावते. म्हणजे मोटर थांबत नाही याचा दोष बहुधा मोटरकडे नसतोच. कोठले तरी एक चक्र आपण शून्यावर आल्याची वर्दी देत नाही. एखादे चक्र भलत्याच आकड्यावर अडून टकटक करीत असेल, तर जुने वंगण चिकट होऊन त्याचा खटका दाता ओलांडत नाही असे समजावे, आणि ते वंगण स्पिरिटने पुसून चक्र कोरडेच ठेवावे, कारण नव्या तेलावर धूळ बसते. सर्व चक्रे शून्यावर दिसत असूनही घरघर चालूच असेल, तर एखाद्या शून्यदर्शी स्विचची पाती चिकटलेली किंवा वाकलेली असतात. हे निरीक्षण चार-दोन क्षणांत उरकून वीज तोडावी, अन्यथा कॉईल जळते.

फ्लिपरची कैफियत निराळी. त्याच्या कॉईलीत दोन वेटोळी असतात: एक जाड तारेचे, जे दांडी जोराने उचलते, आणि दुसरे बारीक तारेचे, जे ती उचललेली नुसती धरून ठेवते. हालचालीच्या शेवटी उघडणाऱ्या स्विचची टोके करपली, तर प्रवाह सदैव बारीक वेटोळ्यातून जातो आणि फ्लिपर अशक्त होतो. तो स्विच उघडलाच नाही, तर जाड वेटोळे तापते. कॉईलीचा रोध मोजताना एक टोक सोडवून ठेवावे, नाहीतर समांतर वाट मीटरची दिशाभूल करते.

आता पुन्हा आकडेचक्रांकडे. ती सारी शून्यावर येऊ लागली म्हणजे हातचा पुढे जातो का हे पाहण्यासाठी एकम् स्थानाचे चक्र नवावर आणून त्याला आणखी एक झटका द्यावा. शेजारचे चक्र जागचे हलले नाही, तर त्या कामासाठी नवाच्या स्थानी मिटणारा जो एक स्वतंत्र स्विच असतो, तेवढाच तपासावा, आणि शून्याच्या स्विचला हातही लावू नये.