सायकलीची वाट आणि रानजीवांची वसती

इंग्लंडांत ब्रिस्टलपासून बाथपर्यंत सुमारें २१ किलोमीटर लांबीची एक सायकलवाट आहे. बंद पडलेल्या आगगाडीच्या मार्गावर ती १९७९ ते १९८६ या काळांत तयार झाली. तिच्या कडेचें गवत व झुडपें म्हणजे रानजीवांना शहरांतून ये-जा करण्याचा हिरवा पट्टाच होय.

अशा वाटेची निगा कशी राखावी? सारें गवत एकाच दिवशीं कापल्यास फुलें, सुरवंट व सुरवंटांवर जगणारे पक्षी यांचा आधार एकदम नाहींसा होतो. म्हणून सायकलस्वाराला पुढचें दिसावें एवढ्यापुरता वाटेलगतचा अरुंद पट्टा वारंवार कापावा. मागचा मात्र फुलांचें बीं गळून पडल्यावर, आणि तोहि आळीपाळीनें. कापलेलें गवत उचलून न्यावें. तें तेथेंच कुजलें तर जमीन सकस होते, दांडगें गवत माजतें आणि नाजूक रानफुलें गुदमरतात. मार्च ते ऑगस्ट हा तेथील पक्ष्यांच्या विणीचा काळ. त्यांत झुडपांना हात लावूं नये. दिवेहि बेतानेंच लावावे, कारण वटवाघळांच्या कित्येक जाती उजेड टाळतात.

वाट नीटनेटकी असावी हें खरेंच. परंतु त्या नीटनेटकेपणाला थोडी मुरड घातली, तर माणसें व पांखरें या दोघांनाहि तीच वाट पुरेल.