साखर गोडीपुरती नसते

एप्रिल उजाडला, राळेगावच्या बाजारात कैऱ्यांचे ढीग लागले, की हा सल्ला हमखास कानावर येतो: “घरीच करताय ना जॅम? मग साखर निम्मीच घाला. तब्येतीला बरं.” सांगून सांगून जीभ झिजली, तरी पुन्हा एकदा सांगायला हवं.

गोडी हे जॅममधल्या साखरेचं सगळ्यात किरकोळ काम. खरं काम पाणी बांधून ठेवायचं. फळातलं पाणी साखरेनं अडवलं की यीस्ट आणि बुरशीला ते मिळत नाही. फळातलं पेक्टिनही आंबटपणा आणि भरपूर साखर असेल तरच धरतं. म्हणून तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) नियमांत जॅममध्ये किमान 65 टक्के विद्राव्य घन पदार्थ हवेत असं लिहिलंय. ही कंपन्यांची हौस नाही.

घरी मोजायचं कसं? वजन करून. तयार जॅमचं वजन घातलेल्या साखरेच्या साधारण दीडपट उतरलं पाहिजे. किलोभर पेरूच्या गराला 750 ग्रॅम साखर घातली, तर आटून 1125 ग्रॅम राहीपर्यंत ढवळायचं. भांड्याचं वजन आधीच कागदावर लिहून ठेवा, नंतर आठवत नाही. आता साखर 300 ग्रॅमच घातली आणि 900 ग्रॅमवर गॅस बंद केला, तर घातलेली साखर एक तृतीयांश. ही फळाची गोड चटणी झाली. खुशाल करा, पण फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. बाहेर मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आणि बाटली फडताळात! मग “घरचा जॅम टिकतच नाही” ही तक्रार कुणाकडे करायची?

आजीचा साखरांबा वर्षभर बरणीत राहायचा, फ्रिज नसताना. किसाच्या दीडपट साखर, पक्का पाक आणि कैरीचा आंबटपणा, यापलीकडे त्यात काही नव्हतं.

पपईचं प्रकरण जरा गंभीर आहे. तिच्यात आंबटपणा जवळजवळ नाही. पीएच 4.6 च्या वर असेल आणि साखरही कापलेली असेल, तर घट्ट झाकणाच्या बाटलीत बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. त्यामुळे पपईत लिंबू किंवा सायट्रिक अॅसिड चवीपुरतं नाही, गरज म्हणून घालायचं. सीताफळाच्या वाटेला तर जाऊच नका, त्याचा गर तापवला की कडू होतो.

बाकीचे समज पटापट. पेक्टिनची पावडर म्हणजे ‘केमिकल’? ती लिंबू-संत्र्याच्या साली आणि सफरचंदाच्या चोथ्यापासूनच काढतात. फळ जितकं पिकलेलं तितका जॅम चांगला? उलट, अतिपक्व फळात पेक्टिन मोडलेलं असतं. थोडी कच्ची फळं मिसळा, नाहीतर कवठ घ्या, ते आंबटही आहे आणि पेक्टिननं भरलेलंही. वरची बुरशी चमच्यानं काढली की झालं? नाही. तिचे धागे आणि विष खाली उतरलेले असू शकतात, अख्खी बाटली टाका. अमेरिकेचं कृषी खातंही हेच सांगतं.

आणि एकदाच पाच किलोचा घाणा घालून मोकळं होणं? खोल पातेल्यात पाणी आटायला इतका वेळ लागतो, की तोवर पेक्टिन तुटतं, रंग काळवंडतो. किलो-किलोनं करा, पसरट कढईत, मोठ्या आचेवर.