चॉकोलेट आणि घरचें कुत्रें

आमच्या अर्धापुरांत सुटीला आलेलीं मुलें ओसरीवरच्या कुत्र्यास आपल्या खाऊंतला वाटा देतात. तो वाटा गांवच्या सोललेल्या केळ्याचा असला तर आमची हरकत नाहीं; चॉकोलेटाचा मात्र नसावा. कोकोच्या झाडास लिनीअसनें 1753 सालीं 'थिओब्रोमा', म्हणजे देवांचें अन्न, असें नांव दिलें. देवांस तें मानवत असेल, श्वानांस नाहीं! कोकोंतील थिओब्रोमीन या द्रव्याचा निकाल मनुष्याचें शरीर लवकर लावतें; कुत्र्याच्या शरीरांतून त्याचा अर्धा भाग जाण्यासच सुमारें 17 तास लागतात.

वजनाच्या दर किलोमागें 20 मिलिग्रॅम पोटांत गेलें कीं वांत्या, तहान व तळमळ सुरू होते. 60 च्या सुमारास झटके येतात आणि जिवावर बेततें. दुधाच्या चॉकोलेटांत दर ग्रॅमला सुमारें 2 मिलिग्रॅम, काळ्या कडू चॉकोलेटांत 5 किंवा अधिक. म्हणजे 10 किलोच्या कुत्र्यास कडू चॉकोलेटाची 40 ग्रॅमची वडीही बाधते.

लक्षणें बहुधा 6 ते 12 तासांनीं दिसतात. तोंवर वाट पाहत बसूं नये. मिठाचें पाणी पाजून ओकविणें हा तर नवा अपाय होय. वेष्टन बरोबर घेऊन, किती व केव्हां खाल्लें हें सांगून, तडक पशुवैद्याकडे जावें.