झारा तोच, फक्त गरगर फिरणारा

बुंदी पाडताना कधी नीट बघितलंय? हलवाई कढईवर झारा धरतो, त्यावर बेसनाचं पातळ पीठ ओततो आणि दांड्यावर ठोके देतो. पीठ भोकातून लोंबतं, तुटतं, तेलात पडतं आणि पडताक्षणी बाहेरून घट्ट होतं. पीठ सैल झालं की बुंदी चपटी, घट्ट झालं की तिला शेपटी. मोतीचूर हवा असेल तर बारीक भोकांचा झारा घ्यायचा.

आता समजा, बुंदीचा दाणा एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा हवाय, आणि सगळे दाणे अगदी सारखे. खायला नाही. शरीरात हळूहळू विरघळणारं औषध त्यात भरायचंय, जिवंत पेशी त्यात जपून ठेवायच्यात, किंवा एका नमुन्याचे हजारो थेंब करून कोणत्या थेंबात विषाणूचा डीएनए आहे ते मोजायचंय. या शेवटच्या प्रकारात थेंब लहानमोठे झाले तर हिशेबच चुकतो.

झाऱ्याची भोकं बारीक करत गेलं की काम होईल, असं वाटतं ना? होत नाही. सुईच्या टोकाला लोंबणारा थेंब पृष्ठताणाने धरून ठेवलेला असतो. त्याचं वजन त्या पकडीपेक्षा जास्त झालं की तो सुटतो. इन्शुलिनच्या बारीक सुईतूनही पाण्याचा थेंब दोन मिलिमीटरपेक्षा मोठाच पडतो, कारण पृथ्वीची ओढ तेवढीच आहे.

मोठ्या प्रयोगशाळांत यावर उपाय म्हणजे मायक्रोफ्लुइडिक चिप. केसासारख्या बारीक वाटा, एकीतून पाणी, दुसरीतून तेल, आणि तेल पाण्याचे तुकडे पाडत जातं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशा बारीक वाटांमधून रसायनं बनवण्याचं मोठं काम झालंय. तिथले डॉ. अमोल कुलकर्णी २०२० च्या भटनागर पुरस्काराचे एक मानकरी. पण चिप चालवायला सिरिंज पंप लागतात, नळ्या लागतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत प्रकरण तिथेच थांबतं.

दुसरा उपाय मात्र गडहिंग्लजकरांच्या ओळखीचा आहे. साखर कारखान्यात दाणा आणि मळी वेगळी कशी करतात? जाळीच्या टोपलीत घालून गरगर फिरवतात. फिरवलं की वजन वाढतं. पंप नको, नळ्या नकोत. पृथ्वीची ओढ कमी पडते ना? मग ती वाढवा.

किती वाढते ते बघा. अक्षापासून १० सेंटिमीटरवर, मिनिटाला १००० फेरे म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे ११२ पट. ३००० फेरे म्हणजे जवळपास १००० पट, कारण वेग तिप्पट केला की जोर नऊपट होतो. थेंबाचं आकारमान त्याच पटीत घटतं, पण व्यास घनमुळाने. म्हणजे ११२ पट जोर लावून थेंब जेमतेम पाचपट लहान होतो. दोन-सव्वादोन मिलिमीटरचा थेंब अर्ध्यावर आला. निराश होऊ नका, अर्धा मिलिमीटर म्हणजे मोतीचुरापेक्षाही बारीक!

टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हेच केलं. छोट्या टेबलावरच्या सेंट्रिफ्यूजमध्ये नळी, नळीत वर ओढून बारीक केलेली काचेची केशनळी, तिच्यात सोडियम अल्जिनेट, खाली कॅल्शियम क्लोराइडचं पाणी. अल्जिनेट समुद्री शेवाळातून मिळतं. दाताचा साचा घेताना डॉक्टर तोंडात जो लगदा भरतात, तो बहुधा त्याचाच. कॅल्शियम भेटला की ते गोठतं. म्हणजे कॅल्शियमचं पाणी हीच कढई, फक्त गार. त्यांनी एकाऐवजी अनेक कप्प्यांची केशनळी लावून एकाच दाण्यात दोन, तीन, सहा वेगळे भाग बसवले. हे मला तरी सगळ्यात भारी वाटतं: अर्धा दाणा एका कामाचा, अर्धा दुसऱ्या.

दुसरी तऱ्हा सीडीसारख्या चकतीची. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या गटाने २०१५ मध्ये फिरत्या चकतीत पाणी एका उथळ वाटेतून तेलाने भरलेल्या खोल कप्प्यात सोडलं. पायरी उतरताच पाणी आपोआप थेंबांत तुटतं. थेंबाचा आकार मुख्यतः वाटेच्या खोलीवर ठरतो, वेगावर फारसा नाही. त्यामुळे थेंब सारखे येतात.

वीज गेली तर? मनू प्रकाश हे भारतात शिकून अमेरिकेत स्टॅनफर्डला गेलेले शास्त्रज्ञ. युगांडात त्यांनी एका दवाखान्यात सेंट्रिफ्यूज दाराला अडसर म्हणून ठेवलेला पाहिला, कारण वीजच नव्हती. २०१७ मध्ये त्यांच्या गटाने ‘पेपरफ्यूज’ जाहीर केलं. सोड्याच्या बाटलीचं चेपलेलं झाकण, दोन भोकं आणि दोरा, ही भिंगरी तुम्ही लहानपणी केली असेल. तेच तत्त्व, झाकणाऐवजी कागदाची चकती. वजन २ ग्रॅम, खर्च २० सेंट, आणि हाताने ओढून मिनिटाला १,२५,००० फेरे. दीड मिनिटात रक्तातला प्लाझ्मा वेगळा होतो.

आता तुमच्या लॅबमधला सेंट्रिफ्यूज आठवा. बायोलॉजीवाल्यांकडे असतोच. सर-मॅडमना विचारून प्रोजेक्ट करता येईल. अल्जिनेट दीड-दोन टक्के, इन्शुलिनच्या सुईचं टोक बोथट करून नळीत घट्ट बसवलेलं, खाली कॅल्शियम क्लोराइड आणि मध्ये हवेची जागा. समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाची नळी हवीच. मशीन पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडायचं नाही. ५०० फेऱ्यांपासून सुरुवात करा. नळी फिरताना आडवी होणारा रोटर असेल तर उत्तम. तिरक्या पक्क्या खाचेत थेंब भिंतीवर आपटतो. या सुईने १००० फेऱ्यांच्या फार वर जाऊन उपयोग नाही, कारण थेंब सुईच्या जाडीएवढाच व्हायला लागतो. त्यापुढे बर्नरवर ओढलेली काचेची केशनळी घ्या.

मग मायक्रोस्कोपखाली शंभर दाण्यांचे व्यास मोजा. प्रमाण विचलनाला सरासरीने भागा. उत्तर ५ टक्क्यांच्या आत आलं तर दाणे सारखे म्हणायचे. पहिल्या दिवशी ते बहुतेक शेपटीवाले निघतील. अल्जिनेट थोडं पातळ करा, नाहीतर सुई आणि पाणी यांच्यातलं अंतर वाढवा, म्हणजे थेंबाला गोल व्हायला वेळ मिळतो.